डावखुऱ्या मुलाची गिटार

आमच्या भाषेनें डाव्या हातावर फार पूर्वींच रोष धरला आहे. उणें तें डावें आणि सरस तें उजवें, असा तिचा सरळ हिशेब; आणि घरांतहि तीर्थ घेतांना किंवा पानावर बसल्यावर डावा हात पुढें आला, कीं वडील मंडळींनीं डोळे वटारलेच म्हणून समजावें. लेखणीच्या बाबतींत हा जाच अलीकडे पुष्कळ कमी झाला आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु डावखुऱ्या मुलानें इलेक्ट्रिक गिटार मागितली, कीं जुनाच प्रश्न नव्या वेषानें दारांत उभा राहतो. आणि या खेपेला डोळे वटारणारे वडील नसून दुकानदार असतात.

दहा माणसांत सुमारें एक डावखुरें असतें, तेव्हां हा प्रसंग अनेक घरांत येत असला पाहिजे. आमच्याकडे तो गेल्या वर्षीं आला. पुतण्या तेरा वर्षांचा. लिहिणें, चेंडू फेंकणें, सुरी धरणें, सर्व डाव्या हातानें. वीस हजार रुपये खर्चावयाचे असें ठरवून आम्ही त्याला घेऊन दुकानांत गेलों. तेथें भिंतीवर पन्नासेक गिटारी टांगलेल्या होत्या, आणि त्यांत डावखुऱ्यासाठीं एकहि नव्हती. "डावी कोणी घेत नाहीं, साहेब. हीच उलटी करून, तारा बदलून देतों," असें दुकानदार म्हणाले. आम्हांला त्यांत कांहीं गैर दिसलें नाहीं. वस्तुतः दिसावयास पाहिजे होतें.

गिटार साधारणतः अशी धरतात कीं डाव्या हाताचीं बोटें मानेवरील पडद्यांत तारा दाबतात आणि उजवा हात नखीनें त्या छेडतो. डावखुऱ्याला हें सर्व आरशांतल्याप्रमाणें उलटें हवें. केवळ तारांचा क्रम फिरविल्यानें हें साधत नाहीं, कारण वाद्याचे बाकीचे अवयव उजव्याच हातासाठीं कोरलेले असतात. खुंट्यांच्या अलीकडे, मानेच्या टोकाशीं, सहा खांचांची एक लहान आडवी पट्टी असते. तिला नट म्हणतात. नेहमींच्या संचांतील सर्वांत बारीक तार इंचाच्या 9 किंवा 10 सहस्रांश जाडीची आणि सर्वांत जाड तार 42 ते 46 सहस्रांश जाडीची असते, आणि प्रत्येक खांच आपापल्या तारेच्या मापाची असते. क्रम उलटला कीं जाड तार अरुंद खांचेंत न बसतां वर तरंगते आणि बारीक तार रुंद खांचेंत खडखडते. घोडीवरील आधारहि तारेतारेप्रमाणें मागेंपुढें लावलेले असतात. ते पुन्हां न जुळविल्यास वरच्या पडद्यांवरचे स्वर बेसूर लागतात. त्याखेरीज आवाज कमीजास्त करण्याच्या कळा छेडणाऱ्या हाताच्या कोपराखालीं येतात, आणि वरच्या पडद्यांपर्यंत हात जावा म्हणून खोडाला दिलेला कापा चुकीच्या बाजूला राहतो.

आमच्या दुकानदारांनीं तारा फिरविल्या. नटाला हात लावला नाहीं. दोन महिने मुलगा त्या वाद्याशीं झगडत होता. पहिल्या पडद्यावर तार दाबतांना बोटांना वळ उठत, आणि तरी स्वर चढाच लागे. एके दिवशीं गिटार कोपऱ्यांत ठेवून तो म्हणाला, "काका, माझा हातच वाईट आहे." आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच आमच्या मातोश्रींनीं पोथी मिटली. त्या स्वतः जन्मानें डावखुऱ्या. लहानपणीं त्यांचा डावा हात पदराला बांधून ठेवीत, हें आम्हीं त्यांच्याच तोंडून ऐकलेलें होतें. "हात वाईट नसतो रे," त्या म्हणाल्या, "त्याला त्याच्या हाताचं वाद्य आणून द्या म्हणजे झालं." त्या रात्रीं आम्हीं प्रथमच या विषयाचा नीट अभ्यास करण्यास प्रारंभ केला. तो आधीं केला असता तर बरें झालें असतें.

उलटी गिटार वाजविणारांचीं थोर उदाहरणें आपल्याला हटकून ऐकविलीं जातात. जिमी हेन्ड्रिक्सनें 1969 सालीं वुडस्टॉकच्या मेळाव्यांत जी पांढरी स्ट्रॅटोकास्टर वाजविली, ती उजव्या हाताचीच होती. तारा फिरवून त्यानें ती उलटी धरली होती. अल्बर्ट किंग तर तारांचा क्रमहि न बदलतां वाजवीत असे. त्यामुळें बारीक तारा त्याच्याकडे वरच्या बाजूला येत आणि इतर वादक ज्या तारा वर ढकलतात त्या तो खालीं ओढी. एलिझाबेथ कॉटन या बाईंनीं लहानपणीं अशीच उलटी गिटार धरली, आणि इतरांच्या अंगठ्याचें काम बोटांनीं व बोटांचें काम अंगठ्यानें करण्याची स्वतःची एक शैलीच निर्माण केली. हीं सर्व उदाहरणें खरीं आहेत. परंतु अडचणींतून वाट काढणाऱ्या प्रतिभावंतांचा दाखला देऊन ती अडचण तेरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यांत बांधणें आम्हांला न्यायाचें वाटत नाहीं.

दुसरा पक्ष यापेक्षां विचार करण्यासारखा आहे. डावखुऱ्यानें सरळ उजवीच गिटार शिकावी, असें पुष्कळ शिक्षक सांगतात. पडद्यांवरचें बारीक काम डावाच हात करतो, तेव्हां डावखुऱ्याला तें सोयीचेंच, असा त्यांचा युक्तिवाद. मार्क नॉफ्लर हा डावखुरा असून उजव्या पद्धतीनें वाजवितो. या मार्गानें कोणत्याहि दुकानांतील, कोणत्याहि मित्राच्या घरची गिटार हातीं घेतां येते, हा लाभ लहान नव्हे. परंतु लय छेडणाऱ्या हातांत असते, आणि ज्याची लय डाव्या हातांत मुरलेली आहे त्याला ती उजव्यांत आणतांना फार कष्ट पडतात. म्हणून पैसे खर्चण्यापूर्वीं एक साधी परीक्षा घ्यावी. मुलाला न सांगतां त्याच्या हातीं बॅडमिंटनची रॅकेट द्यावी, गाणें लावावें, आणि गिटार वाजविल्याचा अभिनय करावयास सांगावें. तो मान कोणत्या बाजूला धरतो तें पाहावें. चार-पांच वेळां, निरनिराळ्या दिवशीं. कधीं इकडे, कधीं तिकडे धरीत असेल, तर खुशाल उजवी घ्या. दर वेळीं तीच बाजू उलटी निघाली, तर डावीच घ्या, आणि ती सुरुवातीलाच घ्या. कारण वर्षभरानें हात बदलणें म्हणजे पुन्हां श्रीगणेशा.

आमच्या पुतण्यानें दर वेळीं उलटीच धरली.

आतां खरेदीविषयीं. डाव्या गिटारीला लांकूड किंवा तार जास्त लागत नाहीं. ती थोड्या संख्येनें बनते, म्हणून दुर्मिळ आणि कित्येकदां महाग. फेंडरची स्वस्त शाखा जी स्क्वायर, गिब्सनची एपिफोन, यामाहाची पॅसिफिका, आयबानेझची जीओ मालिका, यांत डावे नमुने निघतात. मात्र प्रत्येक नमुन्याचे नाहींत, आणि रंगहि एखाद-दुसराच. रंगासाठीं हट्ट धरूं नये. जर्मनींतील थोमन या पेढीची हार्ली बेंटन ही डाव्या गिटारींच्या बाबतींत उदार आहे. परंतु परदेशाहून मागविल्यास वाहतूक आणि आयातकर मिळून स्वस्ताई बरीच ओसरते. येथें बहुधा न पाहतांच मागणी नोंदवावी लागते. म्हणून परत घेण्याची अट आधीं लेखी मागावी, आणि वाद्य घरीं येतांच ध्वनिवर्धक न जोडतां तपासावें. मान एका डोळ्यानें बंदुकीप्रमाणें न्याहाळावी. ती वेडीवांकडी नसावी. पडद्यांच्या कडांवरून बोट फिरवावें, टोंचूं नये. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदां वाजवून पाहावी. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर असावी, त्याहून फार असेल तर मुलाचीं बोटें विनाकारण सोलतील. आणखी एक गोष्ट डाव्यांतच आढळते: कांहीं स्वस्त गिटारींत आवाजाची कळ उजव्या गिटारीचीच बसवितात, आणि मग आवाज हळूहळू न वाढतां एका टोंकाशीं एकदम उसळतो. हा दोष दुरुस्त होतो व खर्चहि थोडा येतो, म्हणून तेवढ्यासाठीं चांगली मान सोडूं नये.

सर्व पैसा गिटारीवरच उधळूं नये. निदान चौथा हिस्सा ध्वनिवर्धकासाठीं, आणि थोडी रक्कम एकाद्या कारागिराकडून तारांची उंची व घोडी नीट लावून घेण्यासाठीं बाजूला ठेवावी. असें जुळविलेलें साधें वाद्य न जुळविलेल्या भारी वाद्यापेक्षां चांगलें वाजतें, असा आमचा अनुभव आहे.

आम्हांला अखेर परगांवीं निघालेल्या एका विद्यार्थ्याकडून जुनी डावी स्क्वायर मिळाली. डाव्या गिटारीला गिऱ्हाईक क्वचित् मिळतें, त्यामुळें घासाघीस करावयास जागा होती. दोन खुंट्या ढिल्या होत्या त्या बदलून घेतल्या. पहिली गिटार नट बदलून शेजारच्या उजव्या हाताच्या मुलीला दिली. तिचें ठीक चाललें आहे.

शिक्षकांची मात्र आम्हांला धास्ती होती. ती व्यर्थ ठरली. उजव्या हाताचे गुरुजी समोर बसले कीं डावखुऱ्या शिष्याला ते आरशांतल्यासारखे दिसतात. त्यांचें बोट ज्या बाजूला जातें त्याच बाजूला ह्याचें जातें. पुस्तकांतील स्वरमेळांच्या आकृत्या तेवढ्या उलट्या काढाव्या लागल्या. तें काम मातोश्रींनीं अंगावर घेतलें आहे. वहीवर रेघा आंखून त्या एकेक आकृति उतरवितात, आणि हल्लीं लेखणी डाव्या हातांत धरतात.