बऱ्हाणपूर, असीरगड आणि ठासणीची बंदूक

तापीच्या उत्तर काठावर वसलेले बऱ्हाणपूर आणि त्याच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर सातपुड्याच्या एका सुट्या डोंगरावर उभा असलेला असीरगड ही जोडी मध्ययुगात दक्षिणेचा दरवाजा मानली जात असे, कारण हिंदुस्थानातून दख्खनेत उतरणारी मोठी वाट असीरगडाजवळच्या खिंडीतून जात होती. फारुकी सुलतानांनी वसवलेले आणि सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव लाभलेले हे शहर आज शाही हमाम, कुंडी भंडारा ही भूमिगत जलयोजना आणि मुमताज महलच्या १६३१ मधील मृत्यूमुळे लोकांना ठाऊक आहे. तथापि, ज्या काळ्या दारूच्या बळावर हा दरवाजा राखला गेला किंवा फोडला गेला, तिचा आणि ती ठासून चालवल्या जाणाऱ्या बंदुकीचा इतिहास मात्र या शहराच्या वर्णनांत फारच थोड्या ओळींत आटोपतो, आणि ही उणीव लहान नाही.

काळी दारू म्हणजे शोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण होय. शंभर भागांत साधारण पंचाहत्तर भाग शोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक हे प्रमाण पुढे सर्वत्र रूढ झाले. कोळसा हे तिचे जळण, शोरा त्या जळणाला नळीच्या बंद पोकळीतही प्राणवायू पुरवणारा, आणि गंधक कमी उष्णतेवर पेट घेऊन उरलेल्या दोहोंना पेटवणारा, अशी ही वाटणी आहे. शोरा जुन्या भिंतींच्या आणि गोठ्यांच्या खारवट मातीतून पाण्याने झिरपवून, ते पाणी आटवून काढला जाई, आणि त्याचे सर्वांत मोठे उत्पादन बिहारमध्ये होई. कोळसा मात्र कोणत्याही लाकडाचा चालत नसे. तो हलका, सच्छिद्र आणि राख कमी देणारा असावा लागे. बंगालमधील इछापूरच्या दारू कारखान्यात त्यासाठी तुरीच्या काटक्या, म्हणजे खानदेश-निमाडच्या शेतकऱ्याच्या तुराट्या, जाळल्या जात, ही गोष्ट तुराट्यांनी चूल पेटवणाऱ्या या मुलखाला आपुलकीची वाटावी अशी आहे.

या दारूवर चालणारी जी बंदूक सतराव्या-अठराव्या शतकांत दख्खनेत सर्वत्र दिसे, तिला तोड्याची किंवा तोडेदार बंदूक म्हणत. तोडा म्हणजे शोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी; ती एकदा शिलगावली की ज्वाळा न काढता सावकाश धुमसत राहते. बंदुकीची नळी तापवलेली लोखंडी पट्टी एका सळईभोवती गुंडाळून, सांधे ठोकून एकजीव करून घडवली जाई, आणि ती लाकडी कुंद्याला चामड्याच्या वाद्यांनी किंवा तारेच्या वेढ्यांनी आवळून बसवलेली असे. नळीच्या मागच्या अंगाला, जेथे दाब सर्वाधिक तेथे, लोखंड जाड ठेवलेले असे, आणि तिथेच उजव्या बाजूला एक लहानशी वाटी व तिच्या तळाशी नळीत जाणारे बारीक छिद्र असे. या छिद्राला काना आणि वाटीत घालायच्या बारीक दारूला रंजक म्हणत.

हे शस्त्र भरण्याची कृती पाहिली की त्याचा स्वभाव कळतो. बंदूकधारी प्रथम नळीच्या तोंडातून मोजून दारू ओततो, तीवर चिंधी किंवा काथ्याचा बोळा आणि शिशाची गोळी सोडतो, गजाने ते सगळे तळापर्यंत ठासतो, कान्यात सुई घालून तो मोकळा करतो, वाटीत रंजक टाकून झाकण फिरवतो, आणि मग धुमसत्या तोड्याचे टोक कुंद्यातल्या फटीतून वर आलेल्या लोखंडी चिमट्यात अडकवतो. चाप दाबला की चिमटा फटीतून पुढे झुकतो आणि तोडा रंजकेला टेकतो. आधी वाटीत भडका, मग क्षणभराने नळीत बार, असा दुहेरी आवाज होतो आणि पांढऱ्या धुराचा लोट समोरचे सगळे झाकून टाकतो. रंजक पेटूनही आतला बार उडाला नाही तर तो वाया जाई. बार फुसका जाणे, दारू ठासून भरणे, बत्ती देणे हे मराठीचे रोजचे वाक्प्रचार याच शस्त्रशाळेतून आलेले आहेत, आणि ते वापरणाऱ्याला आता त्यांचे मूळ आठवत नाही.

काळी दारू पूर्णपणे वायूत रूपांतरित होत नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेष म्हणून उरतो; त्यातला काही धुरातून बाहेर जातो आणि काही नळीत काजळीसारखा चिकटतो. ही काजळी हवेतला ओलावा शोषून लोखंड खाते. म्हणून बार काढल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेल लावणे ही या बंदुकीची अट आहे. जुन्या नळ्यांपैकी ज्या आतून खवल्याखवल्यांनी झडलेल्या दिसतात, त्यांचा नाश बहुतेक लढाईने केलेला नसतो. धुण्याचा आळस पुरेसा असतो.

दारू राखण्याचे हेच भान रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आढळते. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा, त्यास तळघर असावे, दारूची मडकी माचावर ठेवावीत, त्यांना सर्दी लागू देऊ नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढून उन्हे द्यावी, असा त्या विवेचनाचा आशय आहे. किल्ल्याच्या तटाइतकेच महत्त्व मडक्यातल्या कोरडेपणाला देणारी ही दृष्टी अनुभवातून आलेली आहे, आणि असीरगडाचा इतिहास तिची पुष्टी करतो.

अकबर १६०० मध्ये स्वतः बऱ्हाणपुरास आला आणि त्याने असीरगडाला वेढा घातला. किल्ला जानेवारी १६०१ मध्ये त्याच्या हाती पडला. तो पाडाव कसा झाला याविषयी मोगल आणि जेझुइट लेखकांच्या कथनांत मेळ नाही, पण तोफांनी तट कोसळवून किल्ला घेतला असे कोणीच म्हणत नाही. मैदानापासून सुमारे अडीचशे मीटर उंच, जवळजवळ उभ्या कड्यावरच्या त्या तटापुढे त्या काळची काळी दारू कमी पडली, आणि निर्णय बोलणी व कपट यांवर आला. त्यानंतर बऱ्हाणपूर मोगलांच्या दक्षिणी सुभ्याचे प्रमुख ठाणे झाले, आणि औरंगजेबाच्या काळात याच शहरात ओतलेली एक मोठी तोफ असीरगडावर चढवली गेली. तटबंदी असलेल्या शहराच्या बाहेरची संपन्न पुरे मात्र मोकळीच राहिली होती. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने हंबीरराव मोहित्यांसह बहादूरपुऱ्यावर घातलेला छापा हे त्याचे उदाहरण आहे. निजाम-उल-मुल्क आसफजाहाने पुढे १७३१ मध्ये शहराला नवा कोट बांधून घेतला.

मराठ्यांकडे हे शहर आणि हा किल्ला आला तो दारूगोळ्याच्याच जोरावर. १७६० च्या आरंभी उदगीर येथे सदाशिवरावभाऊंच्या फौजेतील इब्राहीमखान गारद्याच्या कवायती बंदूकधारी पथकांनी आणि तोफखान्याने निजामाला जेरीस आणले, आणि तहात अहमदनगर, दौलताबाद, विजापूर यांच्याबरोबर बऱ्हाणपूर व असीरगडही मराठ्यांना मिळाले. पुढे हा प्रदेश शिंद्यांकडे गेला. १८०३ मध्ये इंग्रजांनी तो घेऊन परत दिला, आणि १८१९ मध्ये शिंद्यांचे किल्लेदार यशवंतराव लाड यांनी असीरगड शेवटचा लढवला. त्या वेढ्यात काळ्या दारूने दोन्ही बाजूंना आपले रूप दाखवले: मार्चमध्ये इंग्रजांच्या मोर्च्यामागचा दारूसाठा स्फोटाने उडून अनेक शिपाई बळी पडले, तर गडावरची दारू संपत आल्याने ९ एप्रिल रोजी लाडांना किल्ला सोडावा लागला. तट आणि पाणी असूनही दारूच्या दुष्काळाने किल्ला जातो, हे आज्ञापत्राच्या लेखकाला सांगावे लागले नसते.

तोड्याची जागा पुढे चकमकीने घेतली, चकमकीची जागा १८०७ मध्ये स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथ या धर्मोपदेशकाने पेटंट घेतलेल्या आघातदारूने आणि तिच्यावर आधारलेल्या तांब्याच्या टोपीने घेतली. पण तोंडातून भरण्याची पद्धत तीच राहिली. म्हणून तोड्याची, चकमकीची आणि टोपीची या तिन्ही बंदुकांना मराठीत ठासणीची बंदूक हे एकच नाव चालते. भारतीय कायद्याच्या पुस्तकात ती अजून जिवंत आहे: १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकांच्या रक्षणासाठी खऱ्या गरजेने मागितलेल्या ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र नोंद आहे. रानडुकरे आणि रोही शेतात शिरणाऱ्या सातपुड्याच्या पायथ्याला ही तरतूद केवळ कागदावरची वाटत नाही.

या इतिहासाची एक दुखरी कडाही बऱ्हाणपूर जिल्ह्यातच आहे. खकनार तालुक्यातील पाचोरी गावाचे नाव शिकलीगर कारागिरांच्या वस्तीमुळे आज अवैध पिस्तुलांच्या पोलिसी बातम्यांत वारंवार येते. शस्त्रांना धार आणि झिलई देणाऱ्या या जमातीची परंपरा शीख गुरूंच्या शस्त्रागारांपर्यंत सांगितली जाते, आणि गुरू गोविंदसिंहांच्या वास्तव्याची आठवण बऱ्हाणपूरच्या गुरुद्वाऱ्यात जपलेली आहे. परवान्याशिवाय शस्त्र घडवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि तो तसाच असावा. परंतु लोखंडाशी पिढ्यान्‌पिढ्या झालेली ओळख एका वस्तीला केवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते, याचा विचार कौशल्य-प्रशिक्षणाची भाषा बोलणाऱ्यांनी करावयास हवा. संग्रहालयांतील गंजलेल्या नळ्या, मोडके चाप आणि निखळलेल्या कोफ्ती, म्हणजे लोखंडात ठोकून बसवलेल्या सोन्या-चांदीच्या तारेच्या, नक्षीचे दस्ते यांच्या जतनाला असे हात उपयोगी पडू शकतात.

जुन्या बंदुकांचा संग्रह ही इतरत्र मोठी चळवळ आहे. स्वीडनमध्ये १८९० पूर्वी बनलेली आणि एकसंध काडतुसावर न चालणारी बंदूक बाळगण्यास परवाना लागत नाही, आणि युरोपात अशा शस्त्रांनी नेमबाजी करणाऱ्या मंडळांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात. भारतातला कायदा वर्षावर नव्हे तर कार्यक्षमतेवर उभा आहे: जुन्या घाटाचे, पुरातत्त्वीय मोलाचे किंवा नादुरुस्त असलेले शस्त्र, दुरुस्त करूनही उडवता येणार नसेल, तरच ते अधिनियमाच्या कक्षेबाहेर जाते. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमाखाली येते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. परिणामी आपल्याकडील संग्रह बहुतेक राजघराणी आणि संग्रहालये यांच्यापुरता राहिला. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा नागपूरचे अजब बंगला म्हणून ओळखले जाणारे मध्यवर्ती संग्रहालय येथे शस्त्रे पाहता येतात. त्यांतही सोन्याच्या कोफ्तीचे दस्ते आणि राजांची नावे असलेल्या तोफा अधिक, आणि शेतकरी-शिपायाच्या साध्या बंदुका कमी. इतिहास मात्र या साध्या नळ्यांनी अधिक लिहिला आहे. कोणत्या लोहाराने कोणत्या तऱ्हेने पट्टी गुंडाळली, कुंदा कोणत्या लाकडाचा होता, किती बार उडाल्यामुळे काना झिजला, हे एखाद्या गादीच्या वंशावळीपेक्षा जास्त सांगते.

म्हणून बऱ्हाणपूर, रावेर, खंडवा या पट्ट्यातील जुन्या वाड्यांच्या माळ्यावर अशी एखादी बंदूक सापडल्यास ती भंगारात घालू नये, घासून चकचकीत करू नये, तिचे तोंड कोणाकडे करू नये आणि ती उडवून पाहू नये. आत दारू ठासलेली असण्याची शक्यता गृहीतच धरावी, कारण कोरडी राहिलेली काळी दारू दोनशे वर्षांनीही पेटते. नळीत गज, सळई किंवा तेल घालून तपासण्याच्या फंदात न पडता जवळच्या पोलीस ठाण्याला व पुरातत्त्व विभागाला कळवावे, आणि ती कोणत्या घरातून, कोणत्या खुंटीवरून निघाली हे एका चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबत ठेवावे.