शेकरच्या तळाशी काय उरतं

संध्याकाळची बॅच सुटली की आमच्या जिमच्या बेसिनपाशी शेकर धुणाऱ्यांची गर्दी होते. झाकण उघडायचं, आतली तारेची गोळी काढायची, नळाखाली एक हिसका मारायचा की झालं. त्या पहिल्या पाण्याबरोबर पांढरी, रवाळ पूड बेसिनच्या जाळीवर येऊन बसते. बोटाने चोळली तर कचकचते. हे क्रिएटिन. घरून मिळणाऱ्या पैशांतून काटकसर करून आणलेल्या डब्यातला रोज थोडा हिस्सा असा गटारात जातो. आणि तीच मुलं बेंचवर बसून तावातावाने बोलत असतात, की क्रिएटिन अंगी लागण्यासाठी ते कशातून घ्यावं.

मी कोल्हापुरात राहतो. बरीच वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि पन्नाशी ओलांडल्यावर वजनं उचलायला लागलो. त्यामुळे या गप्पा कानावर पडल्या की गप्प बसवत नाही. "काका, गरम पाण्यात टाकू नका, पावर जाते की त्याची," असं एकजण सांगतो. दुसऱ्याचं म्हणणं, "द्राक्षाच्या ज्यूसमधनं घेतलं की डायरेक्ट मसलमधे जातंय." तिसरा रात्रीच लिंबू सरबतात कालवून बाटली फ्रिजमध्ये ठेवतो, सकाळी घाई नको म्हणून. प्रत्येकाने कुणाकडून तरी ऐकलेलं असतं, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी घरातला ग्लास, थर्मामीटर आणि छोटा काटा घेऊन तपासता येतात.

पहिली गोष्ट विरघळण्याची. क्रिएटिन मोनोहायड्रेट पाण्यात फार विरघळत नाही. २० अंश सेल्सिअसच्या लिटरभर पाण्यात साधारण १४ ग्रॅम, ५० अंशांच्या पाण्यात ३४ ग्रॅम, आणि फ्रिजमधल्या ४ अंशांच्या पाण्यात जेमतेम ६ ग्रॅम. शेकरमध्ये पाव लिटर थंडगार पाणी घेऊन ५ ग्रॅम पूड टाकली, तर दीड ग्रॅम विरघळेल आणि उरलेली नुसती तरंगत राहील. कितीही हलवा. तारेची गोळी गुठळ्या फोडते, पण पाण्याची मर्यादा वाढवत नाही.

काचेचा ग्लास घेऊन त्यामागे काळा कागद धरला की सगळं नीट दिसतं. पूड आधी पाण्यावर पसरते. मग भिजलेल्या कडेपासून बारीक पांढरे धागे सुटून खाली उतरायला लागतात. थंड पाणी ढवळलं की ते दुधाळ होतं आणि पिणाऱ्याला वाटतं, मिसळलं. चमचा थांबवून पाच मिनिटं ग्लास तसाच ठेवला तर वरचं पाणी निवळतं आणि तळाशी थर दिसतो. कोमट पाण्यात वेगळं घडतं. दुधाळपणा ढवळता ढवळताच कमी होत जातो, कणांची चमक एकेक करून विझते आणि थोड्या वेळाने ग्लासामागचा कागद स्वच्छ काळा दिसायला लागतो. हाच स्वच्छ द्राव घट्ट असताना फ्रिजमध्ये ठेवला, तर थंड झाल्यावर तळाशी चकचकीत बारीक स्फटिक पुन्हा जमतात. गरम पाण्याने सामावून घेतलेलं थंड पाण्याला झेपत नाही. 'मायक्रोनाइज्ड' लिहिलेल्या महागड्या डब्यातली पूड जास्त बारीक असते, त्यामुळे ती लवकर विरघळते आणि तरंगतेही जास्त वेळ. पण ठरावीक पाण्यात एकूण किती मावणार, हा आकडा तिलाही बदलता येत नाही.

उष्णतेने 'पावर' जाते का? प्यायला लागणाऱ्या वेळात नाही. कोरडी पूड तर फारच टिकाऊ आहे. आपल्या उन्हाळ्यात बंद डब्यात तिला काही होत नाही. ओली झाली, की मात्र वेळ आणि आंबटपणा हे दोन्ही तिच्या विरोधात जातात. पाण्यातलं क्रिएटिन हळूहळू क्रिएटिनिन होतं, ज्याचा स्नायूंना काही उपयोग नाही. २५ अंशांवर तीन दिवस ठेवलेल्या द्रावाची मोजमापं झालेली आहेत: सामू ५.५ असेल तर ४ टक्के क्रिएटिन जातं, ४.५ असेल तर १२ टक्के आणि ३.५ असेल तर २१ टक्के. म्हणून लिंबू सरबतात, कोकमात किंवा ताकात कालवून लगेच प्यायलं तर काही बिघडत नाही, पण करून ठेवणं वाईट. बाटलीबंद द्रवरूप क्रिएटिन काही काळ बाजारात आलं होतं. ते का चाललं नाही, हे या आकड्यांवरून समजतं. पोटातल्या आम्लाची भीती मात्र अनाठायी आहे. जठरातला सामू इतका खाली असतो की तिथे हे रूपांतर जवळपास थांबतं, आणि क्रिएटिन सुखरूप आतड्यात पोचतं.

आता खरा प्रश्न. न विरघळलेले कण गिळले तर ते वाया जातात का? नाही. पोटात आणि आतड्यात त्यांना आणखी पाणी मिळतं, शरीराची ऊब मिळते आणि घेतलेलं जवळजवळ सगळं क्रिएटिन रक्तात उतरतं. नीट मिसळण्याचे फायदे दोनच, आणि दोन्ही साधे आहेत. एक, मोजलेलं सगळं पोटात जातं, बेसिनमध्ये नाही. दुसरा पोटाच्या शांततेचा. एकाच वेळी दहा-दहा ग्रॅम रवाळ पूड घशाखाली ढकलली, की ती आतड्यात पाणी ओढून घेते, मग मुरडा येतो आणि जुलाब होतात. कोरडा चमचा तोंडात टाकून वरून घोटभर पाणी पिणारी मुलं मी पाहिली आहेत. ठसका लागून लालबुंद होतात. हा प्रकार बंद व्हायला हवा.

कोल्हापूरकराला हा पदार्थ परका वाटायचं कारण नाही. फ्रान्सच्या मिशेल शेव्हरूल यांनी १८३२मध्ये तो पहिल्यांदा वेगळा केला, तोही मांस उकळलेल्या पाण्यातून. आपल्याकडे मटण शिजलं की वाटीत पहिल्यांदा काढतात त्या अळणीतून, म्हणा ना. किलोभर कच्च्या मांसात क्रिएटिन साधारण चार-पाच ग्रॅम असतं. शिजवताना काही रश्श्यात उतरतं, काहीचं क्रिएटिनिन होतं. तालमीतल्या जुन्या पैलवानांना हे नाव ठाऊक नव्हतं, पण अळणी मात्र ते सोडत नसत. शाकाहारी माणसाला आहारातून हे जवळजवळ मिळत नाही. शरीर स्वतः मूत्रपिंडात आणि यकृतात जे बनवतं तेवढ्यावरच त्याचं भागतं, म्हणून पूड घेतल्यावर त्याच्या स्नायूंतला साठा सहसा जास्त वाढतो.

या कहाणीत एक नाव असं आहे की जे सांगताना मला अजूनही भरून येतं. येल्लाप्रगडा सुब्बाराव. भीमावरमला जन्मलेला, मद्रासला शिकलेला आणि पुढे हार्वर्डला गेलेला माणूस. सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवली. नमुन्यात रसायनं मिसळली की निळा रंग येतो, आणि तो जितका गडद तितका फॉस्फरस जास्त. स्नायूंचा अर्क तपासताना त्यांना दिसलं की रंग यायला हवा तसा झटकन येत नाही, रेंगाळत येतो. दुसऱ्या कुणी ती अडचण म्हणून बाजूला सारली असती. या दोघांनी तो उशीर का होतो याचा पाठपुरावा केला आणि १९२७मध्ये फॉस्फोक्रिएटिन सापडलं. क्रिएटिनला चिकटलेला फॉस्फेट चाचणीच्या आम्लात हळूहळू सुटत होता, म्हणून रंग रेंगाळत होता. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एगलटन दांपत्यही तिथेच येऊन पोचलं होतं. दहावीच्या मुलांना मी हे सांगायचो, तेव्हा मागच्या बाकावरचेही कान टवकारायचे.

हाच फॉस्फोक्रिएटिनचा साठा जड वजनाच्या पहिल्या काही सेकंदांत कामी येतो. स्नायूची खर्च झालेली ऊर्जा तो तत्काळ भरून देतो. साठा मोठा असेल तर सेटमधली शेवटची एक-दोन आवर्तनं निघतात, आणि महिनोन्‌महिने तेवढीच जास्त निघत गेली की ताकद वाढते. क्रिएटिन करतं ते एवढंच, पण तेवढंही पुष्कळ आहे.

तेव्हा अंगी लागणं म्हणजे रक्तातलं क्रिएटिन स्नायूच्या पेशीत शिरणं. पेशीच्या आवरणावर त्यासाठी एक वाहक प्रथिन असतं. ते सोडियमच्या जोरावर क्रिएटिन आत ओढतं. या दारावर इन्सुलिनचा परिणाम होतो, आणि द्राक्षाच्या रसाची गोष्ट तिथूनच आली. १९९६च्या एका ब्रिटिश अभ्यासात प्रत्येक ५ ग्रॅमच्या मात्रेबरोबर सुमारे ९३ ग्रॅम साखर दिली, तेव्हा स्नायूंत साठणारं क्रिएटिन बरंच वाढलं. मुलांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे उजळतात. मग मी चहाच्या चमच्याने साखर मोजून समोर ठेवतो. १८ चमचे. आणि त्या अभ्यासात हे दिवसातून चार वेळा होतं. नंतर दिसलं की जवळपास निम्मी साखर आणि ५० ग्रॅम प्रथिनं मिळून तेवढंच काम करतात. म्हणजे काय, तर भाकरी, भात, डाळ, अंडी असं पोटभर जेवण. जेवणाबरोबर चमचा घेतला की झालं, उसाच्या रसाचे ग्लास रिचवायची गरज नाही. शिवाय स्नायूच्या साठ्याला वरची मर्यादा आहे. साखरेने तो लवकर भरेल, पण मर्यादेपलीकडे भरणार नाही.

ज्या शोधनिबंधामुळे क्रिएटिन खेळाडूंपर्यंत पोचलं, तो हॅरिस, सोडरलुंड आणि हल्टमन यांचा, १९९२चा. त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते आणि जिममध्ये तिची कधीच चर्चा होत नाही. काहीजणांना त्यांनी रोज तासभर एकाच पायाने कसून व्यायाम करायला लावला. क्रिएटिन तेच, पोट तेच, रक्तही तेच. सुरुवातीला साठ्याची सरासरी ११८ होती. विश्रांती घेतलेल्या पायात ती १४८च्या आसपास गेली आणि राबलेल्या पायात १६२ झाली. (एकक: किलोभर कोरड्या स्नायूमागे मिलिमोल.) ग्लासात काय होतं यापेक्षा तो पाय त्या दिवशी राबला होता का, याने फरक पडला. "ट्रेडमिलवर मोबाइल बघत चालायचं आणि क्रिएटिन कशातून घेऊ म्हणून विचारायचं?" असं आमचे ट्रेनर एकदा वैतागून म्हणाले होते. त्यांनी तो निबंध वाचला नसेल, पण बोलले ते बरोबर.

चहातून घ्यावं का, हेही विचारतात. पाणी म्हणून चहा उत्तम, कारण तो गरम असतो. १९९६मध्ये बेल्जियममध्ये झालेल्या एका अभ्यासात रोज शरीराच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅफीन दिल्यावर स्नायूंतला साठा तसाच वाढला, पण ताकदीतला फायदा दिसेनासा झाला होता. ७० किलोच्या माणसाला हे ३५० मिलिग्रॅम होतं, म्हणजे आपले कितीतरी कप. नंतरच्या अभ्यासांत सगळीकडे तसं दिसलेलं नाही. सकाळच्या एका कपाची चिंता करू नये, पण चमचा-चमचा प्री-वर्कआउट घेणाऱ्यांनी विचार करावा.

मात्रेचं गणित सोपं आहे. हल्टमन यांनीच १९९६मध्ये दाखवलं, की सहा दिवस रोज २० ग्रॅम घ्या किंवा २८ दिवस रोज ३ ग्रॅम, स्नायूंतला साठा सारखाच, सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. ज्याची स्पर्धा आठवड्यावर नाही त्याने 'लोडिंग'च्या फंदात का पडावं? ३ ते ५ ग्रॅम, रोज, सुट्टीच्या दिवशीही. सकाळी की व्यायामानंतर, यावर मुलं भांडतात ती ताकद स्क्वॉटमध्ये वापरावी. डब्यातल्या चमच्यावर मात्र डोळे झाकून भरवसा ठेवू नये. दाबून भरलेला, शिगोशीग भरलेला आणि सपाट केलेला, तिन्हींची वजनं घरच्या काट्यावर वेगवेगळी येतात. एकदा सपाट चमचा तोलून घ्यावा, म्हणजे पुढे अंदाज पक्का होतो. दोन-तीनशे मिलिलिटर कोमट पाणी, ढवळणं, पिणं, आणि ग्लासात पुन्हा दोन घोट पाणी घालून खळबळून तेही पिणं. बस.

विकत घेताना लेबलवर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे का ते पाहावं आणि स्पर्धेत उतरणाऱ्याने प्रत्येक बॅच बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणाऱ्या कंपनीचाच डबा घ्यावा. पाण्यात स्वच्छ विरघळलं म्हणजे शुद्ध, हा समज चुकीचा आहे. खडूची भेसळ ग्लासात दिसेल. साखरेसारख्या पदार्थाची दिसणार नाही, उलट ती पूड जास्त झटकन विरघळेल. बिनस्वादाच्या पुडीला गोडी लागली तर शंका घ्यावी. एथिल एस्टर, बफर्ड वगैरे महाग प्रकारांनी साध्या मोनोहायड्रेटवर मात केल्याचं तपासणीत दिसलेलं नाही. एथिल एस्टरने तर रक्तातलं क्रिएटिनिनच जास्त वाढलं.

क्रिएटिनिनवरून घरोघरी घबराट होते, म्हणून त्याबद्दल लिहिणं भाग आहे. मागे जिममधल्या एका मुलाचा रिपोर्ट किंचित वर आला, तेव्हा त्याची आई डबा हातात घेऊनच माझ्याकडे आली. "भाऊ, पोराची किडनी गेली का हो याच्यानं?" क्रिएटिन घेणाऱ्याच्या आणि दणकट स्नायूंच्या माणसाच्या रक्तात क्रिएटिनिन थोडं जास्त असू शकतं, कारण ते क्रिएटिनपासूनच बनतं. तेवढ्यावरून मूत्रपिंड बिघडलं असं ठरत नाही, आणि बिघडलं नाही असंही आपण घरी बसून ठरवायचं नसतं. मी तिला डबा घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगितलं. सिस्टॅटिन सी नावाची दुसरी तपासणी असते, तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. डॉक्टरांनी तीच करायला लावली आणि ती ठीक आली. ज्यांना मूत्रपिंडाचा आधीच त्रास आहे, त्यांनी विचारल्याशिवाय सुरुवातच करू नये. बाकीच्यांनी रक्त द्यायला जाताना, रोज किती ग्रॅम घेतो आणि कधीपासून घेतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.