पानांचा काढा आणि चांदीचे कण

आज कुंभकोणमहून बोलतोय. विड्याची पानं आणि पितळी भांडी ही या गावाची ओळख. जवळच तंजावर, जिथे सरफोजीराजे भोसल्यांनी धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यक एकत्र आणलं.

परवा माझ्या पलटणीतल्या निवृत्त सुभेदारांचा फोन आला. मधुमेह आहे, पायाची जखम भरत नाही. म्हणाले, "साहेब, कडुलिंब आणि चांदीचं नॅनो औषध निघालंय म्हणे. घरी करू का?"

गोष्ट खरी आहे, आणि पुण्याची आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने २००३ साली जिरॅनियमच्या पानांच्या अर्काने चांदीचे नॅनोकण बनवल्याचं प्रसिद्ध केलं. २००४ मध्ये कडुलिंबाच्या अर्काने चांदीचे आणि सोन्याचेही.

हे घडतं कसं? पानं उकळून काढा गाळतात आणि सिल्व्हर नायट्रेटच्या रंगहीन द्रावणात घालतात. पानातली द्रव्यं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात. आयनांचे अणू होतात, अणू जुळून कण होतात. पानातलीच काही द्रव्यं कणांभोवती कडं करतात, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. द्रावण पिवळं-तपकिरी झालं की समजायचं, काम झालं. तीव्र रसायनं टळतात, म्हणून ही 'हरित' पद्धत.

कण बारीक, म्हणून एकूण पृष्ठभाग मोठा. त्यातून सुटणारे आयन जंतूंचं आवरण बिघडवतात. चांदीचा हा गुण नवा नाही. भाजलेल्या जवानांना सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम लावलेलं मी पाहिलंय.

मग घरी का नको? ऋतू आणि माती बदलली की पानाचा रस बदलतो, कणांचा आकारही बदलतो. उरलेलं सिल्व्हर नायट्रेट कातडी जाळतं. जंतूला मारणारी चांदी आपल्या पेशींनाही सोडत नाही. आणि काचेच्या बशीत जंतू मेले म्हणजे रोगी बरा झाला असं नव्हे. काही जण चांदीचं पाणी पितात. त्याने त्वचा कायमची निळसर-करडी पडू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच अशा औषधांना सुरक्षित आणि गुणकारी मानायला नकार दिला.

मी म्हणालो, "सुभेदारसाहेब, संशोधन चालू द्या. तुम्ही आजच सर्जनला पाय दाखवा. मधुमेहात जखमेला उशीर म्हणजे पाय गमावण्याची वेळ."

संध्याकाळी ते दवाखान्यात गेले. तुमच्या घरी अशी जखम असेल, तर तुम्हीही थांबू नका.