सेप्सिस : अवयवांचा हिशेब

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या आप्तांचा प्रश्न बहुधा एकच असतो : "डॉक्टर, वाचेल ना?" या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देता येते काय, आणि आल्यास ते कितपत भरवशाचे, एवढाच विषय आज आम्ही घेतला आहे.

सेप्सिसला लोक 'रक्तात विष भिनले' असे म्हणतात. ते तितकेसे बरोबर नाही. जखम चिघळली, न्यूमोनिया झाला, लघवीच्या मार्गात जंतू शिरले, की शरीर प्रतिकार करते. हा प्रतिकार ताळतंत्र सोडून आपल्याच अवयवांवर उलटला, म्हणजे सेप्सिस. रक्तात जंतू सापडलेच पाहिजेत असे नाही. रोगी दगावतो तो पुष्कळदा एकामागून एक अवयव थकत गेल्यामुळे. तेव्हा भवितव्य जाणावयाचे तर अवयवांकडेच पाहावयास हवे.

1994 साली पॅरिस येथे युरोपातील तज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक गुणपद्धती आखली. तिचे नाव 'सोफा'. (दिवाणखान्यातील सोफ्याशी तिचा संबंध नाही; इंग्रजी आद्याक्षरांचा तो योगायोग.) फुप्फुसे, रक्ताची गोठणशक्ती, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंडे ही तिची सहा खाती. प्रत्येकास 0 ते 4 गुण, एकूण 24. परीक्षेच्या उलट येथे गुण जितके अधिक तितकी प्रकृती वाईट. उदाहरणार्थ, रक्तातील प्लेटलेट दीड लाखाच्या खाली गेल्या की 1 गुण, लाखाखाली 2, पन्नास हजारांखाली 3 आणि वीस हजारांखाली 4. मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन व दिवसभरातील लघवी पाहतात, यकृतासाठी बिलिरुबिन. 2016 च्या नव्या व्याख्येप्रमाणे जंतुसंसर्गामुळे हे गुण 2 वा अधिक वाढले की सेप्सिस मानावयाचा. अशा रोग्यांत इस्पितळात मरण येण्याचे प्रमाण शेकडा 10 च्या आसपास धरले आहे.

परंतु पहिल्या दिवशीचा आकडा म्हणजे निकाल नव्हे. ब्रुसेल्समधील 352 अतिदक्षता रोग्यांचा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. त्यांत सगळेच सेप्सिसचे नव्हते, तरी निष्कर्ष बोलका आहे. पहिल्या चार दिवसांत ज्यांचे गुण वाढले त्यांतील निदान निम्मे दगावले. ज्यांचे उतरले त्यांत हे प्रमाण शेकडा 27 हून कमी राहिले. सुरुवातीचा आकडा काहीही असो, गुण चढतात की उतरतात यालाच अधिक महत्त्व, असे आमचे मत आहे.

आणखी एक गोष्ट. शेकडा 30 हे प्रमाण शंभर जणांचे असते. त्यांतील सत्तर जण घरी जातात, आणि त्यांच्याही कागदावर तोच आकडा लिहिलेला असतो! शिवाय आधीपासून मूत्रपिंडे अधू असतील, किंवा औषधाने गुंगी दिली असेल, तर गुण फुगतात वा फसवतात. मुळात ही पद्धती अवयवांची स्थिती नोंदवण्यासाठी होती, भाकितासाठी नव्हे. असे असूनही 2020 च्या महामारीत अमेरिकेतील काही राज्यांच्या आराखड्यांत, श्वसनयंत्रे अपुरी पडल्यास ती कोणास द्यावी हे ठरवण्यासाठी हेच गुण धरले होते. समूहाचे माप एका माणसाच्या गळ्यात बांधणे आम्हांस पटत नाही.

मग आप्तांनी विचारावे तरी काय? आकडा विचारण्यापेक्षा असे विचारावे : कालच्यापेक्षा आज लघवी किती झाली? रक्तदाबाचे औषध वाढवावे लागले की कमी करता आले? प्राणवायू किती लागतो आहे? हाक मारल्यावर ओळख पटते काय?