पाण्याच्या थेंबातील दोन शिकारी

स्वच्छ दिसणारे पाणी रिकामे नसते. नदीचे, तळ्याचे वा समुद्राचे थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, त्यात एक अख्खे जग नांदत असते. समुद्राच्या वरच्या थरातील एका मिलिलिटर पाण्यात, म्हणजे सुमारे वीस थेंबांत, साधारण दहा लाख जीवाणू असतात.

आता थोडा हिशोब करू. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू भरपूर अन्न आणि ऊब मिळाली की वीस मिनिटांत एकाचा दोन होतो. या चक्रवाढीने दहा तासांत एकाचे १०७ कोटी होतील! नैसर्गिक पाण्यात वाढ पुष्कळ मंद असते, पण ती थांबत नाही. मग रोज जमा वाढत असताना शिल्लक फारशी का बदलत नाही? उघड आहे, खर्चाच्या बाजूला कोणीतरी बसलेले आहे. तिथे मुख्यतः दोघे आहेत.

एक गिळणारा, एक फोडणारा

पहिला शिकारी म्हणजे एकपेशीय प्राणी. पॅरामेशियम आपण शाळेच्या पुस्तकात पाहिला आहे. तो अंगावरच्या बारीक केसांनी पाण्याचा प्रवाह तोंडाकडे ओढतो आणि जीवाणू गिळतो. त्याच्याहून लहान, शेपटीसारख्या धाग्याने पोहणारे त्याचे भाऊबंद तर जीवाणूंवरच जगतात. हे फारसे निवडून खात नाहीत. तोंडात मावेल ते गिळतात.

दुसरा शिकारी म्हणजे जीवाणूंना मारणारे विषाणू, अर्थात बॅक्टेरियोफेज. १९८९ साली नॉर्वेतील बर्गनच्या संशोधकांनी नैसर्गिक पाण्यातील विषाणू मोजले, तेव्हा काही ठिकाणी एका मिलिलिटरमध्ये २५ कोटींपर्यंत कण आढळले. घाबरू नका, फेज माणसाच्या पेशींत शिरत नाहीत. ते मोठे चोखंदळ असतात. प्रत्येकाचा जीवाणू ठरलेला. त्याला चिकटायचे, आपला जनुकांचा धागा आत सोडायचा, त्याच्याच कारखान्यात आपल्या प्रती काढायच्या आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडायचे. जी जात जास्त माजते तिचा फेजही जास्त फोफावतो, त्यामुळे एकाच जातीची मक्तेदारी टिकत नाही.

जमाखर्चातील फरक

दोघांचे भक्ष्य एकच, म्हणून स्पर्धा आलीच. विषाणू आत वाढत असलेला जीवाणूच एकपेशीय प्राण्याने गिळला, तर विषाणूचा सारा उद्योग बुडतो. यात जास्त जीवाणू कोण मारतो? १९९५ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दोघांचा वाटा जवळपास सारखा निघाला. उत्तर जर्मनीतील प्लूसझे तळ्यात मात्र थरागणिक फरक दिसला. वरच्या, प्राणवायू असलेल्या पाण्यात गिळणारे वरचढ. तळाच्या, प्राणवायू नसलेल्या पाण्यात विषाणू वरचढ.

कोणी मारले याला महत्त्व आहे. गिळलेला जीवाणू अन्नसाखळीत वर चढतो. एकपेशीय प्राण्याला त्याहून मोठा जीव खातो, त्याला मासा, आणि मासा आपल्या ताटात येतो. फुटलेल्या जीवाणूचा ऐवज मात्र पाण्यात विरघळतो आणि बराचसा पुन्हा जीवाणूंच्याच खात्यावर जमा होतो. मारण्याची रीत बदलली की लाभार्थीही बदलतो.

आपल्या घागरीचे काय?

पटकीच्या जंतूलाही हे दोन्ही शत्रू आहेत. एकपेशीय प्राण्यांपासून वाचण्यासाठी तो एखाद्या पृष्ठभागाला चिकटून बुळबुळीत थरात दडून राहतो. ढाक्यातील पाण्याचे अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाले. पटकीचे जंतू जास्त असत तेव्हा त्यांचे फेज कमी आढळत, आणि साथ ओसरू लागे तेव्हा फेज वाढलेले दिसत. रोग्यांच्या विष्ठेतूनही हे फेज बाहेर पडत होते.

याचा अर्थ नीट समजून घ्या. भक्ष्य भरपूर झाल्याशिवाय शिकारी वाढत नाही. म्हणजे निसर्गाचा हा बंदोबस्त साथ पसरल्यानंतर पोचतो. तोवर कितीतरी घरांत माणसे अंथरुणाला खिळलेली असतात. शिवाय शिकारी जीवाणूंची संख्या आटोक्यात ठेवतात, ती शून्यावर आणत नाहीत. म्हणून ‘वाहते पाणी आपोआप शुद्ध होते’ या समजुतीवर लेकराबाळांचा जीव सोपवू नका. माता-भगिनींनो आणि बांधवांनो, पाणी गाळून घ्या, खळखळ उकळा, झाकून ठेवा आणि ओगराळ्याने काढा. पाणी उकळण्याचे काम एकट्या बाईचे नाही, घरातल्या पुरुषानेही ते करावे. आणि वस्तीच्या विहिरीत नियमित क्लोरीन पडते की नाही, हे ग्रामपंचायतीला वा नगरपालिकेला सर्वांनी मिळून विचारा. स्वच्छ पाणी मागणे हा आपला हक्क आहे.