ऑनलाइन शिकून डेंटल असिस्टंट होता येतं का?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं मंगळवेढ्यात येऊन दातांच्या दवाखान्याविषयी बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. पण अलीकडे बारावी झालेल्या मुली आणि त्यांचे पालक आम्हाला वारंवार एकच प्रश्न विचारतात. मोबाइलवर जाहिरात येते, घरबसल्या आठ आठवड्यांत डेंटल असिस्टंट व्हा. तर फी भरावी का? पंढरपूर इथून पंचवीसएक किलोमीटर, सोलापूर पन्नासच्या पुढे. रोजची एसटी किंवा वसतिगृहाचा खर्च सगळ्या घरांना झेपत नाही. प्रश्न खरा आहे. उत्तर द्यायचं तर आधी हे काम काय आहे ते पाहायला हवं.

दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी उभी असलेली मुलगी आपण पाहतो आणि 'मदतनीस' म्हणून सोडून देतो. १८८५ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात एडमंड केल्स नावाच्या दंतवैद्यानं एका स्त्रीला सहायक म्हणून नेमलं, तिथून या पेशाची सुरुवात सांगतात. दवाखान्यात बाई हजर असते, अशी पाटीच तिथं लागली. त्यामुळे घरचा पुरुष सोबत नसतानाही बायका दात दाखवायला येऊ लागल्या. आपल्याकडेही खुर्चीवर आडवं व्हायचं तर शेजारी एखादी बाई असली की बायकांना बरं वाटतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. याच केल्स यांनी पुढे दातांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली. किरणांच्या झोतात आपलाच हात धरून धरून त्यांना कर्करोग झाला, आधी बोटं गेली, मग हात गेला, आणि १९२८ साली त्यांचा अंत झाला. म्हणून रुग्णाच्या तोंडातली फिल्म असिस्टंटनं स्वतःच्या बोटानं कधीही धरू नये. 'जरा धर गं' असं कुणी म्हटलं तरी नाही. त्यासाठी होल्डर असतो.

आता ज्ञानाकडे येऊ. इंग्रजीत दोन्हीकडे 'नो' हे एकच क्रियापद चालतं, म्हणून गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाला १९४९ च्या आपल्या ग्रंथात बरीच पानं खर्चून सांगावं लागलं, की एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. मराठीत हे काम भाषेनंच करून ठेवलंय. 'तुला स्वयंपाक येतो का?' असं आपण विचारतो, 'स्वयंपाक माहीत आहे का?' असं कुणी विचारत नाही. इथली मालदांडी ज्वारी, तिचं पीठ, गरम पाणी, परातीत थापणं, सगळं माहीत असूनही पहिली भाकरी कडेला फाटते. व्हिडिओ शंभर वेळा पाहिला तरी फाटते. हाताला ओल किती हवी ते हातालाच कळावं लागतं.

मग ऑनलाइन अभ्यासक्रमात 'माहीत होण्या'चं काय आहे? पुष्कळ आहे, आणि ते कमी लेखू नये. दातांचे क्रमांक घ्या. जबड्याचे चार भाग करतात: रुग्णाचा वरचा उजवा पहिला, वरचा डावा दुसरा, खालचा डावा तिसरा, खालचा उजवा चौथा. प्रत्येक भागात मधल्या रेषेपासून मागे एक ते आठ असे दात. दुधाच्या दातांना भागांचे आकडे पाच ते आठ. म्हणजे ३६ हा 'छत्तीस' नव्हे, तो 'तीन-सहा', खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. आणि डावं-उजवं हे रुग्णाचं, समोर उभ्या असलेल्या आपलं नव्हे. कार्डावर ३६ च्या जागी ४६ लिहिलं गेलं, तर चांगली दाढ हातची जाऊ शकते. हे घरी बसून, वही-पेन घेऊन, आरशात आपलंच तोंड पाहून उत्तम शिकता येतं.

तसंच निर्जंतुकीकरण. ऑटोक्लेव्ह म्हणजे तत्त्वतः आपला कुकरच. दाब जंतू मारत नाही. दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि वाफ १२१ अंशांवर जाते. त्या तापमानाला ती पंधरा-वीस मिनिटं, गुंडाळलेल्या पाकिटांना अर्ध्या तासापर्यंत टिकावी लागते. नुसत्या उकळत्या पाण्याच्या १०० अंशांना जंतूंचे बीजाणू मरत नाहीत, म्हणून 'उकळून घेतलंय' हे उत्तर पुरेसं नाही. हत्यार आधी घासून धुवायचं, कारण वाळलेल्या रक्ताच्या आत वाफ पोचत नाही. पाकिटं कोंबून भरायची नाहीत. मध्येच लाइट गेली तर सायकल पहिल्यापासून. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे तिथं उष्णता लागली, एवढंच कळतं. जंतू मेले की नाहीत हे बीजाणूंच्या वेगळ्या चाचणीनं तपासतात. कचऱ्याचेही नियम आहेत, २०१६ चे: रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, वापरलेले ग्लोव्हज लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात.

आमच्या मते या कामाचं खरं वजन इथं आहे. डॉक्टरांचे हात तोंडात असतात तेव्हा मागे काय चाललंय ते त्यांना दिसत नाही. एका रुग्णाचा कावीळ ब दुसऱ्यापर्यंत जाऊ नये, याची राखण बहुतेक वेळ ही बारावी झालेली मुलगी करत असते. रुग्णाला तिचं नावही माहीत नसतं.

पण हाताचं काम? न्यायदर्शनात उपमान प्रमाणाचं एक जुनं उदाहरण आहे. शहरातल्या माणसाला वनवासी सांगतो, गवय नावाचा प्राणी गाईसारखा असतो. मग हा माणूस रानात जातो, तसा प्राणी पाहतो आणि ओळखतो, हाच तो गवय. व्हिडिओ म्हणजे वनवासीचं वाक्य. ते खरं असेल, उपयोगीही असेल. पण रानात जावंच लागतं, आणि गवय ओळखणं व गवय हाकणं यांतही फरक आहेच. सक्शनची नळी जिभेला न ओढता कुठं धरायची, डॉक्टरांनी मान न वळवता मागितलेलं हत्यार त्यांच्या हातात कोणत्या बाजूनं द्यायचं, रडणाऱ्या पोराला तोंड कसं उघडायला लावायचं, हे खुर्चीपाशीच शिकायचं. मापासाठीचं अल्जिनेट कोमट पाण्यात लवकर घट्ट होतं. मंगळवेढ्याच्या मे महिन्यात टाकीतलं पाणी घेतलं, तर ट्रे तोंडात जायच्या आत भांड्यातच गोळा होईल. पाणी थंड घ्यायचं, हे वाक्य झालं. किती थंड आणि हात किती चपळ, ते चार-सहा भांडी वाया घालवल्यावर येतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानं दंतवैद्यांबरोबर हायजिनिस्ट आणि मेकॅनिक यांची नोंद ठेवली; खुर्चीशेजारची असिस्टंट त्या नोंदीत नव्हती. २०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा केला आहे. विद्यापीठांना दंतवैद्यकाच्या पदव्या ऑनलाइन देता येत नाहीत, हे अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांत आहे. त्यामुळे आठ आठवड्यांचं खासगी प्रमाणपत्र ही पदवी नाही, परवानाही नाही. ते मिळवलेल्या मुलीनं दात साफ करणं, भूल देणं किंवा दात काढणं यांत हात घालायचा नाही, डॉक्टर घाईत असले तरीही.

तेव्हा फी भरण्याआधी त्या संस्थेला विचारा, दवाखान्यात प्रत्यक्ष किती दिवस उभं करणार आणि कोणत्या गावात? 'तुमचं तुम्ही बघा' असं उत्तर आलं, तर ती फी पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त असू नये. आम्ही तर उलटा क्रम सुचवू. आधी गावातल्या किंवा पंढरपुरातल्या एखाद्या दंतवैद्यांकडे जाऊन आठवडाभर नुसतं पाहायची परवानगी मागा. रक्त, लाळ आणि ड्रिलचा आवाज सोसतोय का, ते कळेल. तिथं काम मिळायची चिन्हं दिसली, तर सकाळी दवाखाना आणि रात्री मोबाइलवरचा धडा, असं दोन्ही मिळून शिकणं फार लवकर होतं, कारण दुपारी हातात धरलेल्या प्रोबचं नाव रात्री पडद्यावर येतं.

पगार ठरवताना संकोच करू नका. तोंडी ठरलेलं कागदावर घ्या, कामाचे तासही. आणि कावीळ ब ची लस कुणाच्या खर्चानं, तेही तेव्हाच विचारा. तिचे तीन डोस असतात: पहिला, मग एका महिन्यानं, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे, लस सहा महिन्यांची. त्यामुळे पहिला डोस फी भरण्याच्या आठवड्यातच घेऊन टाका.