मंडळींतील कलह व सौम्य वाणी

जेथें चार माणसें एका कार्यासाठीं एकत्र येतात, तेथें मतभेद ठरलेलाच. ख्रिस्ती मंडळी याला अपवाद नाहीं. उलट, ज्यांनीं प्रीतीचें व्रत घेतलें त्यांच्यांतील भांडण अधिक जिव्हारीं लागतें. असें भांडण कसें मिटवावें याचा एक बोधप्रद नमुना पौलानें फिलिप्पै येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत सांपडतो.

फिलिप्पै हें मासेदोनियांतील, म्हणजे आजच्या उत्तर ग्रीसमधील, नगर. इ. स. पूर्वी ४२ मध्यें तेथें झालेल्या लढाईनंतर निवृत्त रोमन शिपायांस जमिनी देऊन वसाहत वसविण्यांत आली. मानपानाला तेथें मोठें मोल; मिळालेलीं पदें लोक दगडावर कोरून ठेवीत. लीनता हें त्या समाजांत दासाचें लक्षण समजलें जाई. अशा नगरांत इ. स. ५० च्या सुमारास, जांभळें कापड विकणाऱ्या लुदियेच्या घराच्या आश्रयानें ही मंडळी उभी राहिली.

पुढें तिच्यांतील युवदीया व सुंतुखे या दोन स्त्रियांचें बिनसलें. दोघीही सुवार्तेच्या कामीं पौलाबरोबर झटलेल्या. पौल त्या वेळीं बंदिवासांत होता, आणि त्याचें पत्र तर भर सभेंत वाचलें जावयाचें. दोघींचीं नांवें सर्वांच्या कानीं पडणार होतीं. परंतु वाद कशाचा, चूक कोणाची, याचा त्यानें उच्चारही केला नाहीं. प्रेषित असूनही त्यानें आज्ञा केली नाहीं, विनंती केली; आणि मूळ ग्रीकांत तें विनंतीचें क्रियापद दोनदां योजिलें, एकदां एकीसाठीं व एकदां दुसरीसाठीं. त्यामुळें कोणाचेंच पारडें जड झालें नाहीं. लगेच त्यानें दोघींच्या श्रमांची आठवण दिली व एका विश्वासू सोबत्यास त्यांचें साहाय्य करण्यास सांगितलें. दोष झांकले, गुण सांगितले, आणि समेटाचा भार त्या दोघींवरच न टाकतां मध्यस्थ दिला.

ही विनंती चौथ्या अध्यायांत येते. तिची भूमि दुसऱ्या अध्यायांतच तयार झालेली असते. ख्रिस्तानें आपलें उच्च स्थान धरून न ठेवतां दासाची स्थिति पत्करली, तेव्हां त्याच्या अनुयायांनींही दुसऱ्यास आपल्याहून श्रेष्ठ मानावें, असें तेथें प्रतिपादन आहे. नगर ज्याला हलकें मानी, तेंच मंडळीचें भूषण ठरलें.

तथापि सौम्यता म्हणजे मिंधेपणा नव्हे. अंत्युखियांत विदेशी बंधूंच्या पंक्तींतून उठणाऱ्या पेत्राला पौलानें सर्वांसमक्ष दोष दिला होता. योहान-मार्काला प्रवासास न्यावें कीं नाहीं, यावरून बर्णबाशीं त्याचा एवढा तीव्र वाद झाला कीं दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. म्हणजे, ज्याला भांडणाची किंमत ठाऊक होती, त्याची ही विनवणी आहे.

दुसऱ्या शतकांत स्मुर्णाच्या पॉलिकार्पानें याच मंडळीस पत्र लिहिलें. तेव्हां वालेन्स नांवाचा एक माजी वडील व त्याची पत्नी वाट चुकलीं होतीं. त्यांस शत्रु न लेखतां, दुखावलेला अवयव जपावा तसें पुन्हां जवळ करावें, असें त्याचें सांगणें होतें. भांडणांपासून व चुकांपासून फिलिप्पैची मंडळी मुक्त झाली नव्हती. तीं मिटविण्याची रीत मात्र तिच्या ठेव्यांत होती.